नियम गॉसचा, उत्तर सममितीचे

बारावीच्या वर्गात फळ्यावर एक उभी रेघ काढायची. ही लांबच लांब प्रभारित तार. तिच्याभोवती तुटक रेषांनी एक वृत्तचिती काढायची, त्रिज्या आर, उंची एल. वक्रपृष्ठाचे क्षेत्रफळ दोन पाय आर एल, आतला प्रभार लॅम्डा (दर एकक लांबीवरचा प्रभार) गुणिले एल. गॉसच्या नियमात दोन्ही घातले की एल कटतो आणि विद्युत क्षेत्र हाती येते: लॅम्डा भागिले दोन पाय एप्सिलॉन शून्य आर. चार ओळींत काम होते. मी हे वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे आणि बहुतेक मुले ते बिनचूक लिहितात.

मग मी एक प्रश्न विचारतो. या वृत्तचितीच्या वरच्या आणि खालच्या झाकणांतून काहीच फ्लक्स का जात नाही? उत्तर येते, ‘क्षेत्र झाकणाला समांतर आहे म्हणून.’ समांतर कशावरून? ‘ते तारेपासून सरळ बाहेर जाते म्हणून.’ सरळ बाहेरच जाते हे कोणी सांगितले? इथे वर्ग गप्प होतो. शेवटी कोणीतरी धीर करून म्हणते, ‘सर, गॉसच्या नियमाने.’

गॉसचा नियम असे काहीही सांगत नाही. त्याला दिशा माहीत नाही आणि एखाद्या ठिकाणचे क्षेत्र किती तेही माहीत नाही. कोणतेही बंद पृष्ठ घ्या, त्यातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स म्हणजे आतला प्रभार भागिले एप्सिलॉन शून्य, एवढेच तो सांगतो. एका पृष्ठाला एक आकडा, आणि तोही बेरजेचा. घराचे महिन्याचे वीजबिल हातात आले म्हणून कोणत्या खोलीत किती वीज जळली हे कळत नाही. सगळ्या खोल्यांत सारखेच दिवे आहेत आणि ते सारखाच वेळ जळतात हे आधीच ठाऊक असेल, तरच बिलाला खोल्यांच्या संख्येने भागता येते. गॉसच्या नियमात ही ‘सारखेपणाची’ माहिती बाहेरून आणावी लागते. ती सममितीतून येते. चार ओळींच्या त्या गणितात खरे भौतिकशास्त्र पहिल्या ओळीच्याही आधी घडून गेलेले असते, आणि आपण नेमके तेच शिकवायचे सोडतो, ही माझी तक्रार आहे.

ते काय असते, हे सावकाश पाहू. उखळातले मुसळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही डोळे मिटले असताना कोणी ते स्वतःभोवती थोडे फिरवले, तर डोळे उघडल्यावर तुम्हाला कळेल का? मुसळ अगदी गुळगुळीत असेल तर नाही कळणार. म्हणून अक्षापासून सारख्या अंतरावरच्या सगळ्या बिंदूंवर, कोणत्याही दिशेला असले तरी, क्षेत्राचे मान सारखेच असले पाहिजे. आता मुसळ वर सरकवले तर? टोके दिसत असतील तर लगेच कळेल. पण दोन्ही टोके नजरेच्या पलीकडे असतील, तर तेही कळणार नाही. म्हणून तारेच्या लांबीच्या दिशेने वर किंवा खाली गेल्याने क्षेत्र बदलत नाही.

एवढ्याने मान ठरले, दिशा अजून ठरायची आहे. समजा एखाद्या बिंदूपाशी क्षेत्र बाहेर जाता जाता किंचित वर झुकलेले आहे. त्या बिंदूच्या उंचीवर एक आडवा आरसा धरा. आरशात तार जशीच्या तशी दिसते, प्रभारही तसाच, बिंदूही जागचा हललेला नाही. पण आरशातले क्षेत्र खाली झुकलेले दिसेल. एकाच प्रभाररचनेमुळे एकाच बिंदूपाशी दोन वेगळी क्षेत्रे असू शकत नाहीत, म्हणून झुकाव शून्य. आता अशी शंका घ्या की क्षेत्र तारेभोवती थोडेसे वळसा घेत असेल. या वेळी आरसा उभा धरा, अक्ष आणि तो बिंदू दोन्ही त्यात येतील असा. डावीकडचा वळसा उजवीकडे जाईल, तार मात्र बदलणार नाही. म्हणून वळसाही शून्य. उरली फक्त बाहेरची दिशा. गॉस अजून वर्गात आलेलाही नाही आणि प्रश्नाचा नव्वद टक्के भाग सुटला आहे.

हुशार मुले इथे अडवतात आणि त्यांनी अडवावेच. मग विद्युतधारा वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र वळसा घालते ते कसे? तिथेही तार गोलच आहे, उभा आरसाही तसाच धरता येतो. याचे उत्तर असे की चुंबकीय क्षेत्राची दिशा आपण उजव्या हाताच्या नियमाने ठरवतो आणि आरशात उजवा हात डावा होतो. विद्युत क्षेत्र आरशात बाणासारखे वागते, चुंबकीय क्षेत्र तसे वागत नाही. या एका प्रश्नावर एक अख्खा तास द्यावा, इतका तो मोलाचा आहे.

आता गॉसची पाळी. त्याच्या नावाचा हा नियम त्याच्या आधीपासून ओळखीचा होता. लाग्रांजने १७७३ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात तो वापरला. गॉसने तो १८३५ मध्ये मांडला, पण छापून आला १८६७ मध्ये, तो वारल्यानंतर बारा वर्षांनी. मधल्या काळात, १७८५ मध्ये, कूलॉमने पिळाच्या तराजूने प्रभारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे मोजून दाखवले होते. गॉसचा नियम ही याच व्यस्त वर्गाची दुसरी बाजू आहे. गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते, क्षेत्र त्याच वर्गाने घटते, म्हणून गुणाकार सगळीकडे तोच राहतो.

तारेभोवती मात्र क्षेत्र वर्गाने घटत नाही, नुसत्या अंतराने घटते. याचे कारण सूत्रात शोधू नका, शेतात शोधा. बागेच्या मध्यभागी एकच कारंजे असेल आणि त्याचे पाणी सगळ्या दिशांना उडत असेल, तर दूर जाता जाता ते वर, खाली, चहूबाजूंना विरळ होत जाते. पण भोके पाडलेला लांब पाइप टाकला तर शेजारच्या भोकाचे पाणी शेजारी असतेच. पाइपच्या लांबीच्या दिशेने पसरायला जागाच नसते, उरतात दोनच दिशा. बलरेषांचेही तसेच आहे. हे ज्याच्या लक्षात आले, त्याला प्रभारित सपाट पत्र्याजवळचे क्षेत्र अंतराने का बदलत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाठ्यपुस्तकांवर मी राग धरत नाही. एनसीईआरटीच्या पुस्तकात अनंत तारेच्या उदाहरणाखाली दोन सूचना स्पष्ट छापल्या आहेत. गणितात फक्त पृष्ठाच्या आतला प्रभार धरला असला तरी क्षेत्र संपूर्ण तारेमुळे निर्माण होते, ही एक. तार अनंत आहे असे गृहीत धरले नाही तर क्षेत्र वक्रपृष्ठाला लंब मानता येणार नाही, ही दुसरी. वर्गात आणि शिकवणीत या दोन्ही ओळी वगळल्या जातात, कारण त्यांच्यावर बहुपर्यायी प्रश्न काढणे अवघड असते. खरे तर सगळा धडा त्या दोन ओळींत आहे.

अनंत तार जगात कुठेच नसते. म्हणून विचारायचा प्रश्न असा की किती लांब तार अनंत मानावी? याचे उत्तर काढता येते, आणि मुलांनी ते हाताने काढावे. प्रभार एकसारखा पसरलेल्या तारेच्या मध्यबिंदूसमोर उभे राहा. तारेची लांबी तुमच्या अंतराच्या दुप्पट असेल, तर खरे क्षेत्र अनंत तारेच्या सूत्राने येणाऱ्या क्षेत्राच्या ७१ टक्के भरते. दहापट असेल तर ९८ टक्के, वीसपट असेल तर ९९.५ टक्के. म्हणजे ‘अनंत’ हा शब्द ऐकून दचकायचे कारण नाही. एक मीटर लांबीच्या तारेपासून पाच सेंटिमीटरवर ती अनंतच आहे. तीच तार एक मीटर अंतरावरून अनंत नाही आणि शंभर मीटरवरून तर ती एक ठिपका आहे. लांबी हा तारेचा एकटीचा गुण उरत नाही, पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ती ठरते.

मध्य सोडून तारेच्या टोकापाशी गेलात तर आणखी सुंदर गोष्ट दिसते. खूप लांब तारेच्या एका टोकासमोर, तारेला लंब दिशेने थोडे दूर उभे राहा. बाहेरच्या दिशेचे क्षेत्र सूत्राच्या बरोबर निम्मे असते, आणि तितकेच क्षेत्र तारेच्या दिशेने, तिच्यापासून दूर लोटणारे असते. दोन्ही मिळून क्षेत्र ४५ अंशांनी तिरपे होते, आणि तुम्ही जवळ असा की दूर, तो कोन बदलत नाही. तिथे काढलेल्या वृत्तचितीच्या झाकणांतून फ्लक्स भरपूर जातो. गॉसचा नियम तिथेही तंतोतंत खरा असतो. उपयोगाचा तेवढा राहत नाही.

हे आकडे एकसारख्या पसरलेल्या प्रभाराचे झाले. आता तीच तार तांब्याची, म्हणजे वाहक असेल तर? वाहकातले प्रभार मोकळे असतात, एकमेकांना ढकलत टोकांकडे गर्दी करतात, आणि लॅम्डा सगळीकडे सारखा राहत नाही. धातूच्या साध्या दांड्याला प्रभार दिला तर तो नेमका कसा वाटला जातो, याचे सुटसुटीत सूत्र आजही नाही. मॅक्सवेलने १८७० च्या दशकात लांब, बारीक दंडगोल वाहकाची धारिता अंदाजी पद्धतीने काढली, तीही बरीच मेहनत घेऊन. परीक्षेतले ‘प्रभारित दंडगोल वाहक’ हे तीन शब्द आपण जितक्या सहज लिहितो, तितकी ती वस्तू सहज नाही.

वाहकाच्या बाबतीत गॉसचा नियम एका जागी कोणत्याही सममितीशिवाय चालतो, आणि ती जागा ओळखली की सगळा विषय उजळून निघतो. स्थिर अवस्थेत धातूच्या आत क्षेत्र शून्य असते, कारण नसते तर प्रभार सरकत राहिले असते. मग धातूच्या आत कोणतेही वेडेवाकडे बंद पृष्ठ काढा, त्यातून फ्लक्स शून्य, म्हणून आतला प्रभार शून्य. सगळा प्रभार पृष्ठभागावर असला पाहिजे, वस्तू दंडगोल असो वा बटाट्यासारखी. इथे क्षेत्र आधी माहीत होते आणि त्यावरून आपण प्रभार काढला. क्षेत्रावरून प्रभाराकडे जाणारी वाट नेहमी मोकळी असते. प्रभारावरून क्षेत्राकडे जायचे तर सममितीचा परवाना लागतो. आमच्या वर्गांत या दोन वाटांमधला फरक कधी बोलला जात नाही, म्हणून मुले एका वाटेचे नियम दुसऱ्या वाटेवर लावतात.

त्याचे सर्वांत वाईट उदाहरण पोकळ नळीचे. ‘आत प्रभार नाही, म्हणून फ्लक्स शून्य, म्हणून क्षेत्र शून्य.’ हे वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचले आहे आणि त्याला गुण मिळतानाही पाहिले आहेत. शेवटचा ‘म्हणून’ चुकीचा आहे. प्लॅस्टिकची चौकोनी नळी घ्या, तिच्या चारही बाजूंवर प्रभार एकसारखा चिकटवा. आत प्रभार नाही, आतल्या कोणत्याही बंद पृष्ठातून जाणारा एकूण फ्लक्स शून्य आहे, तरीही अक्ष सोडून इतरत्र आत क्षेत्र असते. एका बाजूने जितके शिरते तितकेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, इतकेच. तीच नळी गोल असेल तर आत खरोखर शून्य, पण ते गोलाईमुळे. आणि चौकोनी नळी धातूची असेल तरीही आत शून्य, पण ते गोलाईमुळे नाही, धातूतल्या मोकळ्या प्रभारांनी स्वतःला तसे मांडून घेतल्यामुळे. फॅरडेने १८३६ मध्ये स्वतः पिंजऱ्यात बसून जे दाखवले, ते हे तिसरे शून्य. तीन शून्ये, कारणे वेगळी. उत्तरपत्रिकेत ती एकसारखी दिसतात, आणि तपासणारा घाईत असतो.

माझ्यावर आक्षेप घेतला जाईल आणि तो खरा आहे. अभ्यासक्रम मोठा, तास मोजके, पुढे जेईई आणि नीट. सूत्र पाठ असलेला मुलगा अभियंता होऊ शकत नाही का? होऊ शकतो. हस्तपुस्तिकेतले सूत्र वापरून केबल निवडता येते, आणि रोजचे पुष्कळ काम तसेच चालते. पण ज्या कामांनी या सूत्राला किंमत आली, ती कामे सूत्र कुठवर चालते हे ओळखणाऱ्यांनी केली.

समुद्रातल्या तारांचेच घ्या. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळावर तार अंथरली आणि मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. मध्ये तांबे, भोवती गटापर्चाचे वेष्टन, बाहेर लोखंडी तारांचे चिलखत आणि समुद्राचे पाणी. म्हणजे एक वाहक दंडगोल दुसऱ्याच्या आत. आत प्रभार आला की बाहेर तितकाच विरुद्ध प्रभार जमतो, मधले क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि त्याची बेरीज केली की विभवांतरात लॉगरिदम येतो. ही अख्खी तार मैलोन् मैल लांबीचा धारक होती, म्हणून तिच्यात घातलेला संदेश पसरट होऊन बाहेर पडे. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनने १८५० च्या दशकात हे ताडले होते. संदेशाचा विलंब लांबीच्या वर्गाने वाढतो, हे त्याने गणिताने दाखवले. १८५८ च्या अटलांटिक तारेवर तिचा विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस याने मात्र व्होल्टेज वाढवत नेले, आणि ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली. मुंबईची तार टाकली गेली तोवर हा धडा शिकून झाला होता.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. धातूची नळी, आत वायू, अक्षावर केसासारखी बारीक तार, हे गायगर गणकाचे शरीर. गायगरने रदरफोर्डबरोबर १९०८ मध्ये पहिला गणक बनवला, म्युलरबरोबर १९२८ मध्ये तो सुधारला. नळीची त्रिज्या ५ सेंटिमीटर, तारेची ०.०५ मिलिमीटर आणि दोन्हींत २,००० व्होल्टचा फरक धरून गणित करून पाहा. भिंतीजवळ क्षेत्र मीटरला सुमारे ५,८०० व्होल्ट येते, तारेच्या पृष्ठावर त्याच्या हजारपट, म्हणजे ५८ लाख. हवा ३० लाखांच्या आसपास फुटते. निम्मे व्होल्टेज तारेपासूनच्या पहिल्या दीड-पावणेदोन मिलिमीटरमध्येच संपते. एखादा कण नळीतून गेला की सुटलेले इलेक्ट्रॉन शांतपणे तारेकडे सरकतात आणि अगदी जवळ आल्यावर त्यांची दरड कोसळते. ही सगळी करामत ‘एक भागिले आर’ची आहे.

उटी येथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग चालतो. त्यात म्युऑन पकडण्यासाठी अशाच तत्त्वावरचे ३,७१२ गणक आहेत, प्रत्येकी ६ मीटर लांब. आणि ते गोल नाहीत! त्यांचा छेद १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आहे. पाठ्यपुस्तकातली सममिती तिथे मोडलेली आहे, गॉसियन वृत्तचिती काढून कोपऱ्यातले क्षेत्र मिळणार नाही. पण तार गोल आहे आणि भिंत तिच्यापासून खूप दूर, म्हणून तारेजवळ क्षेत्र जवळजवळ गोलच राहते. वरच्या माझ्या उदाहरणात गोल नळीऐवजी तितक्याच रुंदीची चौकोनी नळी घेतली, तर तारेच्या पृष्ठावरचे क्षेत्र अवघे एक टक्क्याने बदलते. दरड तिथेच कोसळते, कोपऱ्यात काय होते याने फारसे बिघडत नाही. चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटून रचता येतात, मध्ये फट राहत नाही. सममिती कुठे हवी आणि कुठे सोडून दिली तरी चालते, याचा हिशेब कोणीतरी नीट केला आहे. याच गणकांनी १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्युऑनांची संख्या घटलेली नोंदवली, आणि त्यावरून त्या ढगातले विभवांतर सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. या वर्षी गॉसच्या नियमाचा तास आला की गोल तारेचे गणित नेहमीसारखे करा. मग त्याच्या शेजारी एक चौकोनी नळी काढा, अक्षावर तार दाखवा आणि वर्गाला विचारा की इथे हे सूत्र कुठे चालेल, कुठे चालणार नाही आणि का. दहा मिनिटे स्वतः काही बोलू नका. मुलांना आपसात भांडू द्या.